खाली बार, वर व्यायाम

४ फेब्रुवारी

प्रिय नियमराव,

फोनवर तू "हं, बघतो" म्हणतोस आणि पुढे काहीच बघत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. कागद आला की त्याला उत्तर द्यायचं ही तुझी नोकरीची सवय, तिचा घरच्यांनाही कधी फायदा होऊ दे.

काम तुझ्याच परवाना खात्यातलं आहे. आमची संस्था तुला ठाऊक आहे: खाली सभासदांचा बार, वर अर्धांगाच्या रुग्णांची व्यायामशाळा. बारच्या नफ्यातून फिजिओच्या पोरीचा पगार निघतो. "खाली लोक डुलतात म्हणून वर लोक चालतात," असं आमचे अध्यक्ष दर सभेत म्हणतात आणि दर सभेत स्वतःच हसतात. मी चिटणीस, म्हणून मलाही हसावं लागतं.

आता यांचं सांगते. झटका येऊन वर्ष होत आलं. उजवा हात आणि उजवा पाय अजून ऐकत नाहीत. बोलणं मात्र परत आलं, त्यातही टोमणे आधी आले. व्यायामशाळेचा जिना अरुंद आणि वळणाचा, त्यामुळे रुग्णाला खुर्चीत बसवून चार जण उचलून वर नेतात. यांना दोनदा नेलं. तिसऱ्यांदा खुर्ची दारात आली तेव्हा म्हणाले, "चौघांनी उचलायचं ते एकदाच. तेव्हा मी नाही म्हणणार नाही." तेव्हापासून खिडकीशी बसून आहेत. घरी शिकवलेले व्यायाम करत नाहीत, मी सांगितलं की डोळे मिटून घेतात. फिजिओ पोरगी मला बाजूला घेऊन म्हणाली, असेच बसून राहिले तर उन्हाळा संपेपर्यंत तो पाय कायमचा आखडेल.

आणि आता अचानक नशीब उघडलंय. आपल्या बारला बिअर पुरवणारी कंपनी लिफ्ट बसवून द्यायला तयार आहे, सगळा खर्च त्यांचा. त्यांचा माणूस आला होता, टायवाला, फार गोड बोलतो. "ताई, आम्हाला काही नको," म्हणाला. लिफ्ट बारच्या कोपऱ्यातून वर जाणार, म्हणून तुमच्या खात्याची परवानगी लागते. अर्ज मागच्या महिन्यातच पाठवलाय. तो कुठे कपाटाखाली सरकणार नाही, एवढंच तू बघ.

हे तुझी चौकशी करत होते. म्हणजे, "तुझा मामेभाऊ अजून खेळात पंच होतो का?" असं म्हणाले.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

पत्र पोचलं. भावजींचं ते चौघांचं वाक्य वाचून मला हसू आलं, आणि मग हसल्याची लाज वाटली.

नियम मी तुला साध्या शब्दांत सांगतो. जो दारू बनवतो, त्याने जो दारू विकतो त्याला मोलाची कुठलीही वस्तू द्यायची नाही. फ्रिज नाही, पंखे नाहीत, छप्पर नाही. का, तर एकदा छप्पर त्याचं झालं की खालचा नळही त्याचाच होतो. मग दुसऱ्या कोणाची बिअर ठेवायची छाती होत नाही, आणि तो जास्त विका म्हणून मागे लागला तर तोंड वर करून नाही म्हणता येत नाही. असं खूप ठिकाणी झालं, म्हणून हा नियम आला. कोणाला तरी सुचलं आणि लिहून टाकलं, असं नाही.

तुम्ही समाजकार्य करता, त्याबद्दल वादच नाही. पण परवाना तुमच्या नावावर आहे, म्हणून कायद्याच्या लेखी तुम्ही विक्रेते. लिफ्ट जिथे बसणार ती इमारतही परवान्याचीच जागा.

अर्जाचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. एकच विचारतो, आठवून लिही. टायवाल्याने खरंच काही मागितलं नाही?

तुझा भाऊ


२२ फेब्रुवारी

नियमराव,

विक्रेते. छान. उद्या यांच्या पायाला उटणं लावलं तर मला वैदूचा परवाना काढायला सांगशील.

काय मागितलं म्हणतोस? काही नाही मागितलं. म्हणजे एवढंच म्हणाला, की तो दुसऱ्या कंपनीचा नळ काढला तर काउंटर जरा सुटसुटीत दिसेल. तसंही त्या नळाची बिअर आमचा बारमन पिंपकाका सोडला तर कोणी पीत नाही. आणि लिफ्टच्या दारावर कंपनीचं चिन्ह रंगवायचं, तेही दार सरकलं की दिसणार नाही. एवढ्याशा गोष्टीला तू अट म्हणणार, मला माहीत आहे. लग्नात मुलीकडच्यांनी लाडू दिला तरी तू त्याला हुंडा म्हणशील.

आता मी तुला एक विचारते. आमच्या समोरच्या रस्त्यावर मुलांच्या खेळांची एक संस्था आहे. तिला याच कंपनीने याच वर्षी गाडी दिली. गाडीच्या दोन्ही अंगांना दारापेक्षा मोठं चिन्ह आहे, ते घेऊन ती शाळाशाळांतून फिरते. ती चालते. का, तर त्यांच्याकडे बारचा परवाना नाही. शाळेतल्या पोरांना बिअरचं चिन्ह दाखवत फिरलेलं चालतं आणि अर्धांग झालेल्या माणसाला एक मजला वर नेलेलं चालत नाही. तुमच्या खात्यात नियम लिहिणारा माणूस वेगळा आणि डोकं चालवणारा वेगळा असं आहे का?

हे आज सकाळी खिडकीजवळून उठायचा प्रयत्न करताना पडले. लागलं नाही. पण मी उचलायला गेले तर म्हणाले, "थांब, अजून तिघांना बोलाव."

ताई


२० मार्च

अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. त्याबद्दल मी तुला लिहिणार नव्हते. नियम आहे, आम्ही विक्रेते आहोत, सगळं समजलं.

पण अध्यक्ष तुमच्या कार्यालयात जाऊन आले. तिसरा मजला, हिरव्या पडद्याची खोली, खिडकीला लागून टेबल. त्या टेबलावर आमची फाईल होती आणि टेबलामागे तू होतास. अध्यक्षांनी मला हे भर बैठकीत सांगितलं. "चिटणीसबाईंच्या भावानेच नाकारलं, पाणीसुद्धा विचारलं नाही." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पेन शोधायच्या निमित्ताने पिशवीत डोकं घातलं.

तू? तू स्वतः? मी इथे तुला लिहितेय, अर्ज अडकू देऊ नकोस, आणि तूच अडकवणारा. वर मला विचारतोस, टायवाल्याने काय मागितलं. मी घरच्या माणसाला मनातलं सांगितलं आणि तू ते सरकारी कागदावर उतरवलंस. लहानपणी लपाछपीत तू माझ्या परकराचा कोपरा दिसतो म्हणून ओरडायचास, तो मी तुझा पोरकटपणा समजत होते. मोठेपणी जाईल असं वाटलं होतं.

यांना मी सांगितलेलं नाही. लिफ्ट येणार म्हणून ते सकाळी पाय हलवून बघायला लागले होते. आता काय सांगू त्यांना?


२७ मार्च

ताई,

तुझा राग मी मुकाट ऐकून घेतो. पण दोन गोष्टी माझ्या बाजूच्याही आहेत.

अर्ज तुझ्या पहिल्या पत्राच्या आधीच माझ्याकडे आला होता. मी वरिष्ठांना त्याच दिवशी सांगितलं, की अर्जदार संस्थेची चिटणीस माझी आतेबहीण आहे, ही फाईल दुसऱ्याला द्या. ते म्हणाले, दुसरा कोण आहे इथे, तूच बघ आणि नीट बघ. तुला मी हे कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर तू मला गळ घातली असतीस आणि मला नाही म्हणता आलं नसतं, या भीतीने गप्प बसलो. ती माझी चूक, आणि अध्यक्षांना पाणी विचारलं नाही ही दुसरी. दुसरी जास्त छळते.

पण तू मला लिहिलेलं एक अक्षरही मी फाईलवर घेतलेलं नाही. नळाची आणि दारावरच्या चिन्हाची गोष्ट कंपनीने स्वतःच त्यांच्या जोडपत्रात लिहिली होती. तू तो कागद न वाचता सही केली असशील, मला तुझी सही ओळखता येते.

समोरच्या गाडीबद्दल. तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी त्यावर गेल्या वर्षी टिपण लिहून वर पाठवलं होतं. ते "नियमात बसते" असा शेरा मारून परत आलं. नियमात बसते हेही खरं. मी रोज त्या नियमाच्या एका बाजूला दार लावतो आणि दुसऱ्या बाजूने बैलगाडी जाते. तुला वाटत असेल मला यात मजा येते. मला येत नाही, ताई. घरी आल्यावर मी कोणाशी बोलत नाही, विचार तुझ्या वहिनीला.

एक रस्ता आहे. हा मी मामेभाऊ म्हणून सांगत नाही, कार्यालयाच्या खिडकीशी येऊन कोणीही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. परवाना नसलेल्या संस्थेला हा नियम लागू नाही. तुम्ही बारचा परवाना परत केलात तर कंपनीने लिफ्ट द्यावी नाहीतर विमान द्यावं, आम्ही काही म्हणणार नाही. पण त्याआधी कंपनीला लेखी विचार, की बार नसला तरी लिफ्ट देणार का. आधी विचार, उत्तर हातात घे, मग परवान्याचं बघ. हे मी पुन्हा लिहितो, कारण तू घाईची आहेस. आधी विचार.

भावजींना नमस्कार. त्यांना सांग, पंच अजून आहे, पण शिट्टी वाजवून वाजवून तोंड दुखतं.

भाऊ


१४ एप्रिल

नियमराव,

विचारलं नाही. आणि केलं.

दान देणाऱ्याला कोणी लेखी विचारतं का, तुम्ही खरंच देणार ना म्हणून? टायवाल्याला मी फोनवर एवढं म्हटलं, की परवान्याची अडचण आम्ही दूर करतोय. तो म्हणाला, "वा ताई, उत्तम." मला तेवढं पुरलं. तुझ्यासारखा मला प्रत्येक माणूस जोडपत्रासारखा दिसत नाही.

सभा फार वाईट झाली. जुने सभासद म्हणाले, बार बंद म्हणजे संस्थेचं काळीजच काढलं. एक जण म्हणाला, चिटणीसबाई नवऱ्यासाठी आमचा अड्डा विकतायत. मी उभी राहिले आणि म्हटलं, हो, नवऱ्यासाठी, आणि त्याच्या मागे रांगेत असलेल्या बाकी सगळ्यांसाठीही. त्यांच्यातले निम्मे याच काउंटरवर तुमच्या शेजारी बसायचे. उद्या तुमच्यातला कोणी खुर्चीत असेल तेव्हा मी त्याला पायाकडून उचलेन, की डोक्याकडून, तेवढं आत्ताच सांगून ठेवा. मग मतदान झालं. थोडक्या मतांनी जिंकले.

फिजिओच्या पगाराचं विचारशील. देणग्या मागू. लिफ्ट आली की लोकांना काहीतरी दाखवता तरी येईल.

परवाना परत केल्याचा कागद तुझ्या त्या हिरव्या पडद्याच्या खोलीत येईल. या वेळी पोस्टमनला तरी पाणी दे.

ताई


१९ मे

भाऊ,

लिफ्ट नाही.

महिनाभर टायवाला फोन उचलत नव्हता. मग एक दिवस उचलला आणि म्हणाला, "ताई, आमचं या वर्षीचं धोरण बदललंय. आम्ही आमच्या भागीदारांना मदत करतो. आता तुम्ही तांत्रिकदृष्ट्या भागीदार राहिला नाहीत." मी म्हटलं, तुम्हाला तर काही नको होतं. तो म्हणाला, "नकोच होतं, ताई." तेही तितकंच गोड. चार दिवसांनी कंपनीकडून खोकं आलं. आत शुभेच्छांची चिठ्ठी आणि बाटल्या उघडायच्या किल्ल्या, सुरेख, त्यावर चिन्ह. बार नसलेल्या संस्थेला बाटल्या उघडायच्या किल्ल्या. मी ते खोकं लाथेने कोपऱ्यात सरकवलं आणि अंगठा दुखावून घेतला.

आता हिशेब असा, की बार गेला, लिफ्ट गेली, फिजिओ पोरगी आठवड्यात तीन दिवसांवर आली. पिंपकाकांनी घरी बसून मुलाच्या संसारात ढवळाढवळ सुरू केली आहे, त्यांची सून मला रस्त्यात गाठून सांगते. जुने सभासद मला बघून फुटपाथ बदलतात. यांना अखेर सांगावं लागलं. त्यांनी टोमणासुद्धा मारला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

तू बरोबर होतास. याचा तुला काय उपयोग झाला, सांग. मला तर तू चुकला असतास तर जास्त आवडलं असतं. तुझा नियम बरोबर, तुझा इशारा बरोबर, आणि माझा नवरा खिडकीत. एवढं बरोबर असून जर एक माणूस एक मजला वर जाऊ शकत नसेल, तर तुम्ही सगळे तिथे बसून नक्की कशाची राखण करता?

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.

ताई


२८ मे

ताई,

उत्तर नको म्हणालीस. तरी लिहितोय, सवय आहे म्हणून समज.

आम्ही कशाची राखण करतो, हा प्रश्न मला बायकोनेही विचारला आहे. मला वाटतं, टायवाल्यासारख्यांची तुमच्या घरात सत्ता होऊ नये एवढ्याचीच. ती झाली नाही. पण तिच्या जागी दुसरं काही चांगलं होईल अशी सोय नियमात नसते. ती कोणीतरी वेगळी करायला हवी असते, आणि ते कोणीतरी कधी कामावर येत नाही.

परवाना पुन्हा हवा असेल तर नवा अर्ज करावा लागेल. लवकर होणार नाही, हे आधीच सांगतो. मी ती फाईल बघणार नाही, या वेळी वरिष्ठांना लेखी दिलं आहे.

दुसरं. मी पुढच्या महिन्यात रजा घेतोय. येतो. खुर्चीचा एक पाय मी धरतो. भावजींना म्हणावं, मी धरला तर चौघं होत नाहीत, तीन माणसं आणि एक सरकारी नोकर होतो.

भाऊ


२१ जून

प्रिय नियमराव,

रजेचा अर्ज तसाच ठेव. पण आधी हे वाच.

मागच्या आठवड्यात बारचं सामान हलवायचं होतं. सभासदांचे बिअरचे मग भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले असायचे ते आठवतात? ज्याने त्याने आपला घेऊन जायचा होता. मी यांचा मग आणायला निघाले तर हे म्हणाले, "माझा मग मी आणीन." चार आठवड्यांत बोललेलं पहिलं सरळ वाक्य. मी म्हटलं, चला. चाकाची खुर्ची ढकलत नेली. मागच्या दाराने नेली, कारण पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, आणि मागच्या दाराला पिंपं आत ढकलायचा उतार आहे.

खुर्ची त्या उतारावरून अशी सरळ आत गेली, की मीच दचकले. आत रिकामं. टेबलं गेलेली, पिंपं गेलेली, फक्त तो लांब काउंटर, खाली रोवलेला म्हणून राहिलेला. त्याच्या कडेला हात टेकायला पितळी दांडा आहे. यांनी खुर्ची तिथे थांबवायला सांगितली, डाव्या हाताने दांडा धरला, आणि मी "अहो" म्हणेपर्यंत उभे राहिले. सवयीने, रे. वीस वर्षं तोच दांडा धरून उठत होते, घरी जायच्या वेळी.

मी तिथेच खाली बसले आणि कपाळ बडवून घेतलं. इतकी वर्षं आम्ही माणसांना उचलून वर नेत होतो आणि पिंपांसाठी उतार बांधून ठेवला होता. पिंप जड असतं म्हणून बार खाली, आणि बार खाली म्हणून व्यायाम वर. हे कोणी ठरवलं ते कोणालाच आठवत नाही. मी चिटणीस, मी रोज त्या उतारावरून आत जाते. फिजिओ पोरीला तर तो दांडा बघून रडायलाच आलं, म्हणाली, वर बसवलेले दांडे याच उंचीचे आहेत. आणि तू हसू नकोस. आमच्या अर्जाला नकाशा जोडला होता, त्यात तो उतार काढलेला आहे, "मालासाठी" असं लिहून. तू दोन महिने तो समोर घेऊन बसला होतास. तू त्यात लिफ्टची जागा मोजत बसलास आणि मी लिफ्टची वाट बघत.

वरची व्यायामशाळा आता खाली आली. सामान उतरवायला फुटपाथ बदलणारे दोघे आपणहून आले, माझ्याशी न बोलता. पिंपकाका मदत करतो म्हणून येतात आणि काउंटर पुसत बसतात, पुसायला काही नसलं तरी. पगाराचं रडगाणं आहे तसंच आहे. पोरगी अजून तीन दिवसच येते, पावसाळ्यानंतर काय करायचं ते मला माहीत नाही, आणि टायवाल्याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही. समोरची ती गाडी रोज आमच्या दारावरून जाते. त्यावर पुन्हा टिपण लिही. परत आलं तर पुन्हा लिही. तुला सवय आहेच.

परवा यांनी दारापासून काउंटरच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं ठरवलं. जाताना दांडा डाव्या हाताला येतो म्हणून जाता येतं. येताना तो उजव्या, निकामी हाताला येतो, म्हणून येताना खुर्ची. निघाले. दांड्यावर हात सरकवत, पाय फरफटवत, मध्ये थांबून, शिव्या घालत. त्या टोकाला पिंपकाका फडकं घेऊन उभे होते, पूर्वी नळ होते तिथे. हे पोचले. काउंटरवर कोपर टेकवलं, श्वास घेतला, आणि वळून माझ्याकडे इतक्या रागाने बघितलं, की मला वाटलं पाय दुखावला.

म्हणाले, "एवढं मरत मरत चालत आलो, आणि तू बार बंद केलास."

याला तुझ्या कायद्यात काही उत्तर असेल तर येताना घेऊन ये.

तुझी ताई